हिमवाटेचा सारथी

अमेरिकेच्या अगदी उत्तरेस अलास्का नावाचा प्रांत आहे. वर्षातील कित्येक महिने तेथील भूमी बर्फाखाली असते. जुन्या काळी अशा दिवसांत माणसांची व टपालाची ने-आण मुख्यतः कुत्र्यांच्या घसरगाडीतून होई. ही गाडी हाकण्यात अजोड कीर्ती मिळविणारा पुरुष म्हणजे लिओनहार्ड सेप्पाला.

सेप्पालाचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात एका कोळ्याच्या घरी झाला. सोन्याच्या आशेने तो १९०० साली अलास्कातील नोम या गावी आला. तेथे एका खाण कंपनीत काम करता करता तो घसरगाडी हाकावयास शिकला.

ही विद्या सोपी नव्हे. कुत्री जोडीजोडीने एका लांब दोरास जुंपलेली असतात. चालक मागे, गाडीच्या पट्ट्यांवर उभा राहतो. त्याच्या हाती लगाम नसतो. त्याने हाक द्यावयाची व सर्वांत पुढच्या म्होरक्या कुत्र्याने ती ओळखून वळावयाचे. उभयतांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असेल, तरच गाडी सुखरूप जाते.

नोम येथे १९०८ पासून सुमारे ६५० किलोमीटरांची शर्यत होऊ लागली. १९१४ साली सेप्पाला तीत प्रथमच उतरला. हिमवादळात तो वाट चुकला. त्याची गाडी कड्याच्या टोकाशी गेली. कुत्र्यांचे पाय बर्फाने फाटले. तेव्हा त्याने शर्यत सोडून दिली. आपल्यावर विसंबलेल्या मुक्या जीवांचे हाल झाले, याचे त्याला मनस्वी दुःख झाले. पुढे त्याने त्यांना मोठ्या काळजीने तयार केले आणि १९१५, १९१६ व १९१७ अशी लागोपाठ तीन वर्षे ती शर्यत जिंकली.

त्याची खरी कसोटी मात्र १९२५ च्या जानेवारीत लागली. नोममध्ये घटसर्पाची साथ पसरली. मुले दगावू लागली. गावात ताजे औषध नव्हते आणि समुद्र गोठल्यामुळे जहाजे बंद होती. औषध आगगाडीने नेनाना येथे आले. तेथून नोम १,०८५ किलोमीटर दूर! वीस चालकांनी हे अंतर टप्प्याटप्प्याने तोडण्याचे ठरले. सर्वांत लांबचा, १४६ किलोमीटरांचा टप्पा सेप्पालाच्या वाट्यास आला. त्याची एकुलती एक कन्या नोममध्येच होती.

त्याचा म्होरक्या टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. लहानपणी अशक्त म्हणून दुसऱ्यास दिलेले हे पिल्लू खिडकीची काच फोडून धन्याकडे परतले होते! गोठलेल्या खाडीवर भयंकर वारा सुटला होता. बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. अंधारात सेप्पालाला पुढचे दिसेना. त्याने टोगोवर भरवसा ठेवला आणि टोगोने गाडी पैलतीरी नेली. २ फेब्रुवारी रोजी औषध नोमला पोहोचले.

शेवटचा टप्पा धावणाऱ्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभारला गेला. टोगोचे नाव मागे पडले. याची सेप्पालाला खंत वाटे. बाल्टोही त्याच्याच कुत्र्यांपैकी होता. तथापि सर्वांत कठीण वाट कोणी कापली, हे तो जाणून होता.

१९६७ साली सेप्पालाचे निधन झाले. १९७३ पासून अलास्कात अँकरेज ते नोम अशी इडिटारोड ही मोठी शर्यत सुरू झाली. तीत सेप्पालाच्या नावाचे एक पारितोषिक देण्यात येऊ लागले. ते पहिला येणाऱ्यासाठी नाही. आपल्या कुत्र्यांची उत्तम निगा राखणाऱ्या चालकासाठी आहे. सेप्पालाचे याहून योग्य स्मारक कोणते असणार?