झोलांच्या खोलीतले धुराडे

२८ सप्टेंबर १९०२, रविवार. उन्हाळा मेदाँच्या घरी काढून एमिल झोला पत्नी अलेक्झांद्रीनसह पॅरिसला परतले. हवेत गारठा होता. निजायच्या खोलीतल्या फायरप्लेसमध्ये कोळसा पेटवला गेला, खिडक्या बंद झाल्या. रात्री दोघांनाही मळमळू लागले. नोकरांना उठवावे असे पत्नीला वाटत होते. झोला नको म्हणाले. काहीतरी बाधले असेल, सकाळी बरे वाटेल, अशी त्यांची समजूत. पुढे खिडकी उघडायला ते उठले आणि कोसळले. सकाळी दार फोडले तेव्हा पत्नीत धुगधुगी होती; ती वाचली. बासष्ट वर्षांचे झोला गेले होते.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून हा माणूस मला कायम वडीलधारा वाटत आला. जन्म १८४०चा. सातव्या वर्षी इंजिनिअर वडील वारले आणि घरात ओढग्रस्त आली. गोदीच्या कचेरीत कारकुनी, मग प्रकाशकाकडे नोकरी. १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्याची कथा सांगणाऱ्या वीस कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहून लिहायची, ही त्यांची रीत. खाणकामगारांवरच्या ‘जर्मिनल’साठी १८८४ मध्ये ते उत्तर फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. जमिनीखालच्या विषारी हवेची भीती त्यांना कागदावर उतरवता आली. आपल्या उशाशी तीच हवा साचते आहे, हे मात्र त्यांना कळले नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

१३ जानेवारी १८९८ला निरपराध कॅप्टन ड्रेफ्यूसच्या बाजूने त्यांनी खुले पत्र छापले. शिक्षा झाली, इंग्लंडला पळून जावे लागले, शत्रू उदंड झाले. त्यामुळे मृत्यूनंतर संशय आलाच. चौकशीत त्याच खोलीत पुन्हा विस्तव पेटवून गिनीपिग ठेवले, ते जगले. धुराडे उकलून पाहिले, तर वाट बंद होण्याइतकी काजळी नव्हती. अपघात, असा निकाल झाला. १९५३ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राने छापले, की छपरे दुरुस्त करणाऱ्या एकाने मरण्यापूर्वी कबुली दिली होती : शेजारच्या छपरावर काम चालू असताना आपण ते धुराडे बुजवले आणि सकाळी मोकळे केले. हे सिद्ध झालेले नाही.

बँकेत असताना मी शाखांची तपासणी करीत असे. तिजोरी आज बरोबर भरली, म्हणून काल रात्री ती बरोबर होती असे होत नाही. धुराड्याचेही तेच.

थंड देशांत स्थायिक झालेली आपली मुले जुनी घरे घेतात, जुन्या धुराड्याखाली लाकडाची बंदिस्त शेगडी बसवतात. उघड्या विस्तवाला जे धुराडे चालले, ते शेगडीला चालेलच असे नाही. धूर रेंगाळून गार झाला, की आत डांबरासारखा थर धरतो आणि तो पेट घेतो. म्हणून आधी जाणत्या माणसाकडून धुराडे खालपासून वरपर्यंत झाडून घ्यावे. वरच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे आहे का, ते पाहावे. आत धूर सोडून तो माळ्यावर किंवा दुसऱ्या खोलीत झिरपतो का, ते तपासावे. भेगा असतील तर आतून योग्य मापाची धातूची नळी घालावी. खोलीत बाहेरची हवा येण्याची वाट उघडी ठेवावी आणि हा वायू ओळखणारी घंटा लावावी. हे सगळे दरवर्षी, थंडीपूर्वी.

आपल्याकडे धुराडी नाहीत, पण बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे, थंडीत खोलीत घेतलेली कोळशाची शेगडी आहे. तिथे एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर खाण्याला दोष देत बसू नये. दार उघडून सगळ्यांनी आधी बाहेर यावे आणि मध्यरात्र असली तरी माणसांना हाक मारावी. झोलांनी संकोचाने तेवढे केले नाही.