शांता आपटे आणि आमचे भित्तिपत्रक

चरित्रलेखाची सुरुवात जन्मसालाने करावी असा रिवाज आहे. मला मात्र आधी एक कबुली द्यावी लागणार आहे. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात साडी दिवसाचा जो वृत्तान्त भित्तिपत्रकावर झळकला, तो निनावी असला तरी माझा होता. कोणाची साडी कशी, कोणाचा अंबाडा कसा, कोणाला काय शोभले नाही, हे मी मोठ्या उत्साहाने लिहिले आणि प्रत्येकीला दहापैकी गुणही दिले. प्रत्येकीला म्हणजे मुलींनाच. झब्बा-पायजमा घालून आलेल्या मुलांवर एक ओळ तरी लिहावी, हे मला सुचलेसुद्धा नाही.

त्या दिवशी एक मुलगी आजीची इरकल आणि खणाची चोळी अशा वेशात आली होती. पायांत मात्र कॅनव्हासचे बूट आणि केस मानेपर्यंत कापलेले. मी तिला तीन गुण दिले, आणि ती यात्रेतल्या पाळण्यातून थेट इथेच उतरली असावी अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. वाक्य चांगले जमले होते. मुले-मुली फळ्यासमोर थांबून हसली, काहींनी फोनवर फोटो काढले. ती मुलगी दुधनीहून रोज रेल्वेने येते. संमेलनाचे उरलेले दोन दिवस ती आली नाही. नंतर आली ती इतर सर्वांसारखीच दिसेल अशा बेताने. तक्रार तिने केली नाही. कोणीच केली नाही, आणि म्हणून मीही तो प्रकार विसरून गेले.

माझे गाव फोपनार, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातले. शाळा मराठी माध्यमाची झाली. आई अक्कलकोटकडची, त्यामुळे घरात कन्नडही आहे. आजी मराठीत बोलते आणि आई रागावली की कन्नडमध्ये. दिवाळीच्या सुटीत फोपनारला गेले असता मराठी चित्रपटांविषयीचे एक पुस्तक चाळत होते. त्यात दुधनी हे नाव आले आणि मी थांबले. सोलापूर-वाडी मार्गावरच्या या लहानशा स्टेशनात स्टेशनमास्तर असलेल्या गृहस्थांची मुलगी म्हणजे शांता आपटे. जन्म १९१६ चा.

शांताबाईंचे गाण्याचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. गणेशोत्सवात लहानपणीच त्या गाऊ लागल्या. भालजी पेंढारकरांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’ या बोलपटात त्यांना राधेची भूमिका दिली, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढे त्या प्रभात फिल्म कंपनीत आल्या आणि ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) व ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या चित्रपटांनी त्यांचे नाव देशभर पोहोचवले. त्या काळात नटी गाऊ लागली की एका जागी खिळल्यासारखी उभी राही. शांताबाई गाताना हात हलवत, डोळे फिरवत, मान वळवत. आज यात विशेष काय असे वाटेल. पण तेव्हा हा मोकळेपणाच नवा होता, आणि तो कोणाला भावे तर कोणाला आगाऊपणा वाटे.

‘कुंकू’ मी आजीसोबत फोपनारच्या ओसरीवर बसून फोनवर पाहिला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी हा चित्रपट केला. नीरा या अनाथ मुलीचे फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लग्न लावून दिले जाते आणि ती त्यांना नवरा मानायला साफ नकार देते. रडत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहून नकार देते. घरातला वयात आलेला मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा ती छडी उचलून त्याला फोडून काढते. आजीला हा प्रसंग इतका आवडला की तो तीनदा लावावा लागला. मला स्वतःला काकासाहेबांचा आरसा लक्षात राहिला. केशवराव दात्यांनी रंगवलेला तो म्हातारा फुटक्या आरशाच्या तुकड्यांत आपले वय पाहतो. पडद्यावर बाईच्या रूपाऐवजी पुरुषाचे रूप तपासले जात आहे, असे मी तरी क्वचितच पाहिले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. १९३५ साली मुंबईत बाबूराव पटेल यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. मराठी माणूस, पण इंग्रजी अशी धारदार की ‘फिल्मइंडिया’चा अंक हातात मिरवणे ही कॉलेजातल्या तरुणांची ऐट झाली होती. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे लोक आधी वाचत आणि परीक्षणे मागाहून. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे: चित्रपटांवर निर्भीडपणे लिहिण्याची सवय या देशात ज्यांनी लावली त्यांत त्यांचे नाव वरचे आहे. पण त्याच लेखणीने नट्यांचे चेहरे, वजन, वय, कपडे, कोणाशी मैत्री आणि कोणाशी नाही, हे सारे जणू चित्रपटाचाच भाग असावे तसे परीक्षणात ओढले. नटाचे काम वाईट असले तर काम वाईट म्हणायचे. नटीचे काम वाईट असले तर तिचा चेहरा वाईट. ही रीत त्यांच्या एकट्याची नव्हती आणि त्यांच्याबरोबर संपलीही नाही. आज एखादी अभिनेत्री विमानतळावर उतरली की तिच्या चपलांवर बातमी होते, तिचे मूळ हेच आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेत चटकन समजते. यंत्रावर दरवर्षी घसारा काढतात, कारण यंत्र झिजते. चित्रपट मासिके नटीच्या चेहऱ्यावर असाच दरवर्षी घसारा काढत, आणि ते यंत्र तर तिच्या मालकीचेही नसे. मासिक चाले जाहिरातींवर, जाहिराती देत निर्माते. नटी ही त्या व्यवहारात फक्त मालाच्या बाजूला. तिला खुलासा छापून आणायचा तर तोही त्याच संपादकाकडे न्यायचा.

शांताबाईंनी खुलासा पाठवला नाही. ‘फिल्मइंडिया’त आपल्याविषयी आलेले लिखाण वाचून त्या हातात छडी घेऊन सरळ बाबूरावांच्या कचेरीत शिरल्या आणि त्यांनी संपादकांना झोडपले, अशी गोष्ट चित्रपटसृष्टीत आजतागायत सांगितली जाते. सांगणारा प्रत्येकजण तीत थोडी भर घालतो आणि ‘कुंकू’मधल्या नीरेची छडी हटकून जोडतो. पडद्यावरची बाई पडद्याबाहेर आली, असा सगळ्यांचा सूर. मलाही प्रथम वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग जाणवले की या कथेतही बाई म्हणजे पुन्हा एक दृश्यच झाली. ती काय सांगत होती हे कोणी विचारत नाही. छडी कशी धरली होती एवढेच सांगतात.

ती काय सांगत होती, हे पुढच्या दोन घटनांत दिसते. जुलै १९३९ मध्ये प्रभातशी करारावरून वाद झाला तेव्हा शांताबाई पुण्यातल्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. (आज त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.) देशातल्या अव्वल नटीने गिरणी कामगारासारखे मालकाच्या दारात बसावे, हे तेव्हाच्या लोकांना पचण्यासारखे नव्हते. वर्तमानपत्रांना मात्र खाद्य मिळाले. पुढच्या वर्षी, १९४० साली, त्यांचे पुस्तक आले: ‘जाऊ मी सिनेमात?’ नाव भाबडे आहे, पुस्तक तसे नाही. चित्रपटधंद्यात पैसा कोण घालतो, कष्ट कोणाचे, नफा कोणाचा, आणि या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येते, असा रोखठोक विचार एका चोवीस वर्षांच्या नटीने त्यात मांडला आहे. आमच्या वाणिज्याच्या अभ्यासक्रमात भांडवल आणि श्रम या प्रकरणाखाली हे पुस्तक लावायला हरकत नाही असे माझे मत आहे. पण छडीची गोष्ट सर्वांना पाठ आणि या पुस्तकाचे नाव मी विचारलेल्या दहा जणांत एकालाही माहीत नव्हते.

प्रभात सोडल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. १९४१ च्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या, त्यासाठी तमिळ शिकल्या. नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या मुलीला तिसरी भाषा परकी वाटली नसावी, असा माझा आपला समज. ‘जमीनदार’ (१९४२), ‘सुभद्रा’ (१९४६), ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) असे आणखी चित्रपट झाले, पण नीरेची उंची पुन्हा आली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. त्यांच्या कन्या नयना आपटे यांना मराठी रंगभूमीचे प्रेक्षक चांगले ओळखतात. बाबूराव पटेल पुढे राजकारणात गेले आणि १९६७ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेवर निवडून आले. १९८२ साली ते वारले.

१९६४ हे साल फोपनारला एका वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी आमच्या गावच्या जमिनीत कांस्याच्या प्राचीन बुद्धमूर्ती सापडल्या; त्यांतली एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अभ्यासकांनी या मूर्तींच्या वस्त्रांवर पाने भरून लिहिले आहे. चीवर कोणत्या खांद्यावरून घेतले, चुण्या कशा पडल्या, काठ कसा दाखवला. कपड्यांविषयी लिहिणे वाईट नाही, हे मला त्या लेखांवरून कळले. इरकलीचा टोपपदर कसा विणतात, खण कुठून येतो, आजीची साडी नातीने बुटांवर का नेसली, हे मी त्या मुलीला विचारले असते तर साडी दिवसाचा माझा वृत्तान्त दुप्पट वाचनीय झाला असता. मी विचारले नाही, गुण दिले.

सुटी संपल्यावर मी तिला दुपारच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर गाठले. माफी कोणत्या भाषेत मागावी ते कळेना, शेवटी कन्नडमध्ये मागितली. तो वृत्तान्त मी लिहिला हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ‘त’ला जोडाक्षर देण्याची माझी पद्धत तिने हस्ताक्षरावरून ओळखली होती, कारण पहिल्या वर्षी तिने माझ्याच वह्या उतरवून घेतल्या होत्या. शांता आपटे हे नाव तिला नवीन होते. आपल्या स्टेशनातल्या स्टेशनमास्तरांची मुलगी एवढी मोठी नटी होती, यावर तिचा विश्वास बसेना. ‘कुंकू’ मी तिला फोनवर पाठवला. गाडी आली आणि बोलणे तेवढ्यावरच राहिले.

या अंकाच्या कन्नड विभागात तिचा इरकलीवर लेख आहे. बूट का घातले ते तिने त्यात सांगितलेले नाही, आणि मीही अजून विचारलेले नाही.