बग रिपोर्ट कसा लिहायचा? भास्कराचार्यांकडून शिका!

मोबाईलवर पायथन शिकताना हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे भाषेच्या माहितीपुस्तिकेत, एक लिहिलेलं असतं आणि कोड चालवला की भलतंच उत्तर येतं. मग एवढ्या मोठ्या लोकांनी लिहिलेलं चुकेल कसं, असं म्हणून आपण गप्प बसतो.

खरं तर पायथन ही ओपन सोर्स भाषा आहे. तिचा कोड कुणालाही वाचता येतो आणि त्यातली चूक, म्हणजे बग, कुणालाही कळवता येतो. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कंपनीत नोकरी लागत नाही, जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातला विद्यार्थीही ते करू शकतो. पण कळवायचं कसं? हा प्रश्न आला की मला एकच नाव आठवतं, भास्कराचार्य. त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी हे काम करून दाखवलं आणि त्यांच्या घराण्याची खूण आजही आपल्या खानदेशात दगडावर कोरलेली आहे.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड. गणित आणि ज्योतिष ते वडिलांकडेच, महेश्वरांकडे शिकले. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे ६९ व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल लिहिला.

त्या काळी गणिताचे नियम श्लोकांत असायचे. असा नियम म्हणजे आजच्या भाषेत एक फंक्शन: इनपुट द्या, आउटपुट घ्या. श्लोक पाठ करायला सोपा, पण नियम असाच का, हे सांगायला त्यात जागा नसते. त्यामुळे नियमात चूक असली तर तीही पिढ्यानपिढ्या पाठ होत राहते. भास्कराचार्यांनी म्हणूनच ग्रहगणित आणि गोलाध्याय यांवर स्वतःच वासनाभाष्य लिहिलं आणि नियमांमागची कारणं गद्यात उलगडून दाखवली. कोड लिहिणाऱ्यानेच डॉक्युमेंटेशनही लिहिलं!

पहिला बग: चेंडूचं क्षेत्रफळ

लल्ल हे आठव्या शतकातले नावाजलेले ज्योतिषी. त्यांच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथावर भास्कराचार्यांनी टीका, म्हणजे स्पष्टीकरणाचा ग्रंथ लिहिला होता. लल्लांचं काम त्यांनी बारकाईने वाचलं होतं, त्याबद्दल आदरही होता. तरी गोलाध्यायात त्यांनी लल्लांची एक चूक उघडपणे दाखवली.

गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायला लल्लांनी मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी नुसतं चूक म्हणून सोडलं नाही, कुणालाही घरी करता येईल अशी चाचणी दिली. गोलाच्या अर्ध्या परिघाएवढा व्यास असलेलं गोल कापड कापा. ते गोलावर टाकलं की अर्धा गोल झाकला जातो आणि वर थोडं कापड उरतं. या कापडाचं क्षेत्रफळ मोठ्या वर्तुळाच्या साधारण अडीच पट भरतं. म्हणजे पूर्ण गोलाचं क्षेत्रफळ पाच पटींच्या आतच असणार. मग परिघाने गुणून कसं चालेल?

आपण आकडे घालून बघूया. चेंडूचा व्यास ७ सेंटीमीटर धरा. परिघ साधारण २२, मोठ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.५. लल्लांच्या नियमाने उत्तर येतं ८४७ चौरस सेंटीमीटर. पण ११ सेंटीमीटर व्यासाची दोन कापडं मिळून होतात फक्त १९० च्या आसपास, आणि तेवढ्यात अख्खा चेंडू झाकला जातो! भास्कराचार्यांचा नियम आहे परिघ गुणिले व्यास, म्हणजे १५४. तोच बरोबर आहे.

गंमत बघा, परिघ बरोबर ४ असला तर लल्लांचा नियमही अचूक उत्तर देतो. एकच इनपुट तपासणाऱ्याला असा बग सापडतच नाही.

दुसरा बग: डॉक्युमेंटेशनमध्ये अट राहिली

सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र दिलं. भास्कराचार्यांचा आक्षेप असा की नुसत्या चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही, कर्णही सांगावा लागतो. लीलावतीत त्यांनी चारही बाजू २५ असलेला चौकोन घेतला. कर्ण ३० आणि ४० असले तर क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ आणि ४८ असले तर ३३६. ब्रह्मगुप्तांचं सूत्र मात्र दरवेळी ६२५ च सांगतं.

हे सूत्र चुकीचं नाही. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तर ते अगदी बरोबर आहे. ती अट नियमात लिहायची राहिली होती. भास्कराचार्यांनीही ती अट सांगितली नाही, फक्त सूत्र कुठे फसतं ते दाखवलं. पण तेवढ्यानेही रिपोर्ट पक्का होतो. दुरुस्ती माहीत नसली तरी चूक कळवता येते, हे लक्षात ठेवा.

त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातही!

लीलावतीत एक कोडं आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच निम्मं मिळवा, तीनने गुणा, शून्याने भागा. उत्तर ६३ आलं, तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचं उत्तर १४. शून्याने गुणणं आणि भागणं एकमेकांना रद्द करतं, असं धरून ते येतं. आज हेच पायथनमध्ये लिहिलं तर शून्याने भागल्याची एरर येते. लल्लांना लावलेली कसोटी त्यांच्या ग्रंथालाही लागू होतेच, आणि त्याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही.

चाळीसगावजवळचा मठ

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेनेही येता येतं. तिथल्या देवळातल्या शिलालेखाची नोंद १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्ध केली. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या लेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावरचं येणं आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, असं त्यात ठरवून दिलंय. ओपन सोर्स प्रोजेक्ट देणग्यांवर चालतात, तसंच हे.

ग्रंथ टिकला तो अशा सांभाळणाऱ्यांमुळे. १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, १५८७ मध्ये फैजीने लीलावती फारसीत नेली.

आता तुमची पाळी

बग कळवताना एवढं करा:

१. आधी संबंधित पान नीट, पूर्ण वाचा.
२. भाषेची कोणती आवृत्ती वापरताय ते लिहा.
३. चूक दाखवणारा छोट्यात छोटा कोड द्या, जो कुणीही चालवून बघेल.
४. काय यायला हवं होतं आणि काय आलं, दोन्ही लिहा.
५. आधी कुणी तोच बग कळवलाय का, ते शोधा.
६. बोट चुकीवर ठेवा, माणसावर नको.

पायथनचे बग आता गिटहबवर नोंदवले जातात. सुरुवात डॉक्युमेंटेशनपासून करा: एखादं न चालणारं उदाहरण, एखादी राहून गेलेली अट. चौकोनाचा कर्ण लिहायचा राहिला होता, तशीच ती असते.