सुभेदार रामजी: मुलासाठी जागणारा पिता

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्वत्तेचे स्मरण आपण नित्य करतो. त्या विद्वत्तेची मशागत ज्या पित्याने केली, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र या स्मरणिकेत पालकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटते. कारण त्यांच्या घरातील भीमा हा बालपणी अभ्यासात रमणारा मुलगा नव्हता.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पिता मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात गेले, शिक्षक झाले आणि १४ वर्षे सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. ते कबीरपंथी व विद्येचे निस्सीम उपासक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, तेच भीमराव.

निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. १८९६ मध्ये भीमाबाईंचे निधन झाले आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शासकीय शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तेथे त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. अशा शाळेत कोणत्या मुलाचे मन रमेल? भीमाचे मन बागकामात रमले. पुढे पित्याचा पुनर्विवाह त्याला रुचला नाही. मुंबईच्या गिरणीत काम मिळवून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे त्याने ठरवले. प्रवासखर्चासाठी एका रात्री त्याने आत्याची पैशांची पिशवी लांबवली. तीत निघाला अवघा अर्धा आणा! त्या रात्री तो ओशाळला, आणि झटून अभ्यास करण्याचा निश्चय त्याने स्वतःच केला.

निश्चय मुलाचा होता, त्याला आधार पित्याने दिला. रामजी स्वतः इंग्रजीचा अभ्यास करून घेत, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला शिकवीत. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली, तीतच चूल, सरपण आणि शेळी. भीमा लवकर निजे, रामजी जागत बसत. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. मग मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचन चाले. पुस्तकासाठी पैसे नसले, तर रामजी विवाहित मुलींच्या दारी जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून परत करीत. थोरल्या आनंदरावांनी शिक्षण सोडून नोकरी धरली.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या गुणपत्रिकेत ही संख्या कुणाला लहान वाटेल. तथापि अस्पृश्य मुलाच्या या यशासाठी सत्कारसभा भरली आणि तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. पुढे भीमराव पदवीधर होऊन बडोद्याच्या सेवेत गेले. आजारी पित्याच्या भेटीस ते धावत आले, तेव्हा रामजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी हा पिता गेला. त्याच वर्षी पुत्र कोलंबिया विद्यापीठात पोहोचला.

आपल्या वसतिगृहातही शाळा टाळणारी, फळ्यासमोर गप्प होणारी मुले येतात. त्यांना मठ्ठ वा आळशी ठरवण्यापूर्वी त्यांच्या वाट्याला कोणते गोणपाट आले आहे, हे आपण पाहावे, असे आम्ही पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनवतो. मुलाला अभ्यास कर म्हणून सांगणे सोपे असते. रामजींनी आपली झोप, आपला वेळ आणि आपली निजण्याची जागा मुलाशी वाटून घेतली. सुट्टीत घरी आलेल्या मुलाजवळ रोज एक तास पुस्तक घेऊन बसणे हेच रामजींना खरे अभिवादन ठरेल.