बाळ गंगाधर टिळक

बाळ गंगाधर टिळक (जन्म : २३ जुलै १८५६, रत्नागिरी, मृत्यू : १ ऑगस्ट १९२०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी नेते, पत्रकार, शिक्षणतज्ज्ञ व ग्रंथकार होते. लोकमान्य ही उपाधी त्यांना जनतेकडून मिळाली. पुण्यातून निघणाऱ्या केसरी या मराठी साप्ताहिकातून त्यांनी ब्रिटिश सरकारच्या महसूल व करविषयक धोरणावर सातत्याने टीका केली.

बालपण व शिक्षण

टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव होय. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. टिळक सोळा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८७९ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय करून त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासमवेत १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन कॉलेज (१८८५) यांच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. मतभेदांमुळे त्यांनी १८९० मध्ये संस्था सोडली.

केसरी व मराठा

जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी मराठा व मराठी केसरी ही दोन साप्ताहिके सुरू झाली. गोपाळ गणेश आगरकर केसरीचे पहिले संपादक, तर टिळक मराठाचे संपादक होते. देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा १८७८ चा कायदा तेव्हा ताजा होता. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर दोघांत मतभेद झाले आणि १८८७ मध्ये केसरीचे संपादकपद टिळकांकडे आले.

दुष्काळ व शेतसारा

१८९६ मध्ये पावसाने दगा दिल्याने मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. शेतसारा हे सरकारचे मोठे उत्पन्न होते व पीक बुडाले तरी त्याची वसुली चालू राही. दुष्काळात साऱ्याची सूट वा तहकुबी देण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. परंतु इंग्रजीत असलेले हे नियम शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. टिळकांनी केसरीतून ते मराठीत समजावून दिले. पुणे सार्वजनिक सभेवर १८९५ पासून त्यांच्या पक्षाचे वर्चस्व होते. सभेच्या प्रतिनिधींनी गावोगाव सभा घेऊन पिकांची माहिती गोळा केली व शेतकऱ्यांचे अर्ज लिहून दिले.

ज्यांना शक्य आहे त्यांनी सारा भरावा, मात्र भरण्यासाठी गुरेढोरे विकू नयेत व कर्ज काढू नये, अशी टिळकांची शिकवण होती. बाजार लुटण्याऐवजी लोकांनी कलेक्टरकडे जाऊन काम व धान्य मागावे, असेही त्यांनी लिहिले. १७६५ मध्ये अमेरिकेतील वसाहतींवर ब्रिटिश संसदेने छापील कागदावर मुद्रांक कर लादला, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी तो कर लादण्याचा संसदेचा अधिकारच अमान्य केला होता. टिळकांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी साऱ्याचा हक्क नाकारला नाही; सरकारने स्वतःचे नियम पाळावेत, एवढीच मागणी केली. तरीही सरकारने या चळवळीस साराबंदीची चिथावणी मानले. काही प्रचारकांवर खटले भरण्यात आले आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

१८९७ चा राजद्रोहाचा खटला

दुष्काळापाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ आली. प्लेग अधिकारी रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर १५ जूनच्या केसरीत शिवाजी उत्सवानिमित्त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी, तर तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष ठरविले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ त्यांनी लावल्याने देशातील सर्वच वृत्तपत्रे अडचणीत आली. मॅक्स म्युलर आदी विद्वानांच्या विनंतीनंतर सप्टेंबर १८९८ मध्ये टिळकांची मुदतपूर्व सुटका झाली.

चतुःसूत्री व मंडाले

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीचा पुरस्कार केला. गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात मिठावरील करासारख्या प्रश्नांवर आकडेवारीनिशी बोलत होते. टिळकांचा भर लोकचळवळीवर होता. १९०८ च्या आरंभी पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याच्या चळवळीस त्यांनी पाठिंबा दिला. ही चळवळ सरकारच्या अबकारी उत्पन्नाला झळ पोहोचवणारी होती.

मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटावरील केसरीच्या अग्रलेखांमुळे त्यांच्यावर १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारावासातच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना मिळाली.

अखेरची वर्षे

जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली व त्याच वर्षीच्या लखनौ करारात महत्त्वाची भूमिका बजावली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी महात्मा गांधींच्या असहकार आंदोलनास आरंभ झाला. शेतसाऱ्याच्या प्रश्नावर वृत्तपत्र, संघटना व कायद्याचे ज्ञान यांची टिळकांनी घातलेली सांगड पुढे खेडा (१९१८) व बारडोली (१९२८) येथील सत्याग्रहांतही दिसून आली.