भिंतीवरची स्त्री आणि विनोबा

१९६० सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये विनोबा भावे इंदूर शहरात मुक्कामाला होते. त्याच वर्षी मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यातील बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली होती आणि त्या घटनेची चर्चा देशभर सुरू होती. नऊ वर्षे खेड्यापाड्यांतून जमीन मागत हिंडणारा हा माणूस एखाद्या मोठ्या शहरात सहसा रेंगाळत नसे. होळकरांच्या या शहरात मात्र तो महिनाभर राहिला आणि त्याची नजर पडली ती रस्त्यांवरच्या भिंतींवर. चित्रपटांच्या जाहिरातींसाठी तेथे स्त्रियांची मोठमोठी चित्रे चिकटवलेली होती. त्यांचा पोशाख, त्यांची ढब, त्यांच्या अंगाचा कोणता भाग पुढे आणायचा, हे सारे चित्रपट विकण्याच्या हिशेबाने ठरलेले होते. भूदानाच्या या यात्रिकाने मग जमिनीइतक्याच गांभीर्याने भिंतीचा प्रश्न हाती घेतला. विनोबांच्या चरित्रांत या प्रकरणाला फार तर परिच्छेदभर जागा मिळते. ते त्याहून मोठे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. एकदा गीतेवरील प्रवचन ऐकताना त्यांना संस्कृत कळेना, म्हणून मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही अवघड वाटली, तेव्हा मुलानेच सोपी गीता करावी, असे त्यांनी सुचवले. रुक्मिणीबाई १९१८ मध्ये गेल्या. १९३०-३१ मध्ये विनोबांनी ‘गीताई’ रचली. ज्ञान स्त्रीपर्यंत पोहोचत नसेल तर दोष स्त्रीचा नसून ज्ञान मांडणाऱ्याचा आहे, ही खूणगाठ त्यांनी घरातच बांधली असावी, असे मानायला जागा आहे.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेतच काशीकडे वळले आणि त्याच वर्षी ७ जून रोजी कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यास पाठवले आणि पुढचे सारे आयुष्य याच जिल्ह्याशी बांधले गेले. वर्ध्याच्या महिलाश्रमाशी त्यांचा जवळचा संबंध राहिला. धुळ्याच्या तुरुंगातील १९३२ ची गीता प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, हे सर्वश्रुतच आहे. प्रकृती ढासळल्यावर १९३८ मध्ये ते धाम नदीकाठच्या पवनारला आले. १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांची निवड झाली ती येथूनच.

पवनारच्या शेतात खणताना जुनी शिल्पे सापडली. भरत-रामाच्या भेटीचे शिल्प त्यांतलेच. विनोबांनी ती आदराने आश्रमात ठेवून घेतली. हा तपशील मुद्दाम सांगायचा, कारण पोस्टरविरोधामुळे त्यांना चित्राचे किंवा कलेचेच वावडे होते असा समज होऊ शकतो. तसे ते नव्हते.

१९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला. तेरा वर्षांहून अधिक पायपीट आणि कागदोपत्री चाळीस लाखांवर एकर जमीन, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्याच यात्रेत असताना २५ मार्च १९५९ रोजी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. हा स्त्रियांचा समूह. शेती, स्वयंपाक, छपाई, अध्ययन सारे त्यांनीच पाहायचे. कोणी प्रमुख नाही आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे. संन्यासाचा आणि ब्रह्मज्ञानाचा अधिकार परंपरेने पुरुषाकडे ठेवला होता. तो स्त्रीने स्वतःच्या बळावर घ्यावा, हा त्यामागचा विचार. इंदूरची चळवळ याच्या सव्वा वर्षानंतरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती केवळ एका वृद्ध ब्रह्मचाऱ्याची चिडचिड नव्हती, हे उमगते.

तेथे विनोबांनी शब्द निवडला तो अशोभनीय. अश्लील हा कायद्याचा शब्द होता आणि न्यायालयात त्याचा कीस पाडता येत असे. त्यांचे म्हणणे साधे होते. चित्रपटगृहात जाणारा आपल्या मर्जीने, पैसे मोजून जातो. रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र ते चित्र पाहायचे की नाही, हे विचारलेलेच नसते. वासनेचा हा धडा सर्वांना सक्तीने आणि फुकट दिला जातो. रस्ता नागरिकांचा आहे, तर त्याच्या भिंतींबद्दल बोलण्याचा हक्कही नागरिकांचाच. यासाठी सत्याग्रह करायलाही त्यांनी मुभा दिली आणि त्यात स्त्रियांनी पुढे व्हावे, असा आग्रह धरला. मातृत्वाचा अपमान होत असताना स्त्रीने गप्प बसू नये, ही त्यांची भूमिका होती.

येथेच त्यांच्या मर्यादाही दिसतात. त्यांच्या मांडणीत स्त्री मुख्यतः माता म्हणून येते. जी माता नाही, जी आपल्या इच्छेने नटते, त्या स्त्रीचे काय, याला तेथे पुरेसे उत्तर नाही. सत्याग्रही पोस्टर उतरवू शकतात, तर उद्या झुंडही चित्रे फाडू शकते. पुढच्या काळात आपण हे पाहिले आहे आणि ती भीती काल्पनिक नाही. महाराष्ट्रातच र. धों. कर्वे यांनी याच्या अगदी उलट वाट धरली होती. १९२७ ते १९५३ पर्यंत चाललेल्या त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. नग्नतेत लाजण्यासारखे काही नाही, असे ते मानत आणि अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे आणि विनोबा एका व्यासपीठावर बसणे अवघडच. तरीही स्त्रीदेह हा मालाच्या विक्रीचे साधन बनतो, या आक्षेपाला कर्व्यांच्या युक्तिवादाने उत्तर मिळत नाही. नग्नता आणि विक्री हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विनोबांनी त्यांतला दुसरा नेमका हेरला, पण त्यावरचा उपाय मात्र संयमाच्या जुन्याच पेटीतून काढला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पोस्टरविरोधाची चळवळ फार टिकली नाही. चित्रपटाचा धंदा तिच्यापेक्षा कितीतरी चिवट निघाला. इंदूरचे नाते मात्र तुटले नाही. १९६७ मध्ये तेथील कस्तुरबाग्रामहून चार स्त्रिया बारा वर्षांच्या पदयात्रेस निघाल्या, त्या स्त्रीशक्ती जागवण्याच्या विनोबांच्याच प्रेरणेने. जिला भिंतीवर पाहण्याची वस्तू केले होते, ती पायी चालत गावोगाव बोलू लागली. हा उपाय मला पोस्टर उतरवण्याहून अधिक पटतो.

पुढे आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेने अनेक अनुयायी दुखावले आणि तो डाग पुसला गेलेला नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, पवनारला त्यांचे देहावसान झाले. १९८३ मध्ये मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा संसदेने १९८६ मध्ये केला. जाहिराती, पुस्तके, चित्रे यांना तो लागू होतो. इंदूरच्या त्या महिन्यानंतर सव्वीस वर्षांनी तो आला. धामच्या काठावरील ब्रह्मविद्या मंदिराचा कारभार आजही तेथील भगिनीच पाहतात.