कॉर्नेलिया सोराबजी : अज्ञान वारसांच्या कैवारी

भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र ज्यांना न्यायालयाची पायरीही चढता येत नव्हती, अशा पडदानशीन विधवा आणि अनाथ बालकांसाठी त्यांनी केलेले कार्य तितकेसे परिचित नाही.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते; आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवली. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीस गुणांनुसार पात्र असूनही, केवळ स्त्री असल्याने त्यांना ती नाकारण्यात आली. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी उभारलेल्या निधीतून १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा देणाऱ्या त्या तेथील पहिल्या महिला होत. पदवी मात्र ३० वर्षांनी, १९२२ मध्ये मिळाली.

स्वदेशी परतल्यावर १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही सनद मिळाली नाही. इकडे जमीनदार घराण्यांतील विधवा परपुरुषासमोर येत नसत आणि वकील तर सारे पुरुषच. त्यामुळे हक्काची मालमत्ता डोळ्यांदेखत नातलगांच्या वा कारभाऱ्यांच्या घशात गेली, तरी दाद मागणे त्यांना अशक्य होई. अज्ञान वारसाच्या तर जिवावरच बेतण्याची भीती असे.

या स्त्रियांसाठी सरकारने महिला कायदा सल्लागार नेमावा, असा आग्रह सोराबजी यांनी धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर, म्हणजे अज्ञान वारसांच्या इस्टेटींची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेवर, त्यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे दोन दशके बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाममधील जनानखान्यांत जाऊन त्यांनी तंटे मिटवले, तसेच बालकांच्या शिक्षणाची आणि औषधोपचाराची व्यवस्था लावली. सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ बालकांना त्यांचे साहाय्य लाभल्याचे सांगितले जाते.

१९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून प्रवेश दिला. १९२३ च्या कायद्याने देशभरातील महिलांना वकिलीची दारे खुली झाली आणि त्यानंतर सोराबजी यांनी कलकत्त्यात बॅरिस्टर म्हणून व्यवसाय केला. तोवर त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. पुरुषी पूर्वग्रहामुळे तेथेही त्यांच्या वाट्याला युक्तिवादापेक्षा लेखी अभिप्रायाचेच काम अधिक आले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या.

ब्रिटिश राजवटीचे समर्थन आणि महात्मा गांधींच्या चळवळीला केलेला विरोध यांमुळे त्या स्वदेशात एकाकी पडल्या. ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या राजकीय मतांविषयी मतभेद राहतील. परंतु हाती सनद नसतानाही, ज्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते त्यांची बाजू त्यांनी मांडली, याची नोंद इतिहासाला घ्यावीच लागते.